अकरा पत्रं आणि एक एडका

माझ्या हातच्या पत्रांनी एका पोराला अकरा वेळा सुट्टी मिळाली, आणि त्याच पत्रांपायी एका पोरीची झोप गेली. दोघांची कंपनी एकच, दोघांच्या घरी नेट पोचवणारा मीच, आणि पत्रं लिहिणाराही मीच. तीस वर्षांच्या धंद्यात माझ्याकडून वायरी चुकीच्या घरात गेल्या, टीव्हीवर भजनाच्या वेळी कुस्ती लागली, एका लग्नात माझ्या शिडीखाली मांडव आला. त्याचं काही वाटत नाही. या पत्रांचं वाटतं, म्हणून तेवढंच सांगतो.

आधी धंदा काय ते सांगावं लागेल. मी कुरुंद्याचा केबलवाला. लोक मला केबलमामा म्हणतात. माझं नाव घेऊन पत्ता विचारलात तर गावात कुणी सांगणार नाही. सुरुवातीला घराच्या गच्चीवर एक मोठी छत्री होती. बैलगाडीचं चाक तिच्यात झोपेल एवढी. एका पावसाळ्यात तिच्यात इतकं पाणी साठलं की त्यात बेडूक झाले, तरी सिग्नल गेला नाही. फक्त बातम्या देणारी बाई सात दिवस ओली दिसायची. लोक म्हणायचे, मामा, तिला सर्दी होईल.

पुढे छत्री गेली, तांब्याची वायर गेली आणि काचेची आली. केसाएवढी बारीक काच, वरून काळं कातडं, आणि आतून उजेड पळतो. त्या उजेडावर तुमचं नेट बसून येतं. तांब्याची तार तुटली तर दातानं सोलून पीळ द्यायचा आणि पट्टी गुंडाळायची, संपलं. काचेला पीळ चालत नाही. दोन्ही टोकं सरळ कापायची, साफ पुसायची, एका लहान मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीन ठिणगी टाकतं आणि काच काचेत विरघळते. मध्ये धुळीचा एक कण आला तरी उजेड तिथंच अडतो. ग्राहकाच्या घरी भिंतीवर एक पांढरा डबा असतो. त्याचा दिवा हिरवा असला तर उजेड पोचला. लाल असला तर वाटेत कुठंतरी मेला. आमच्याकडे माणूस फोनवर रामराम नंतर घालतो, आधी म्हणतो, "मामा, लाल."

लॉकडाऊन लागलं आणि पुण्याची पोरं लॅपटॉप पोटाशी धरून गावाकडे आली. रेंज कुठं? एक पोरगं रोज पिंपळावर चढून मीटिंग करायचं. साहेबानं विचारलं, मागं एवढा गलका कशाचा? ते म्हणालं, सर, माझी टीम आहे. कावळे होते. त्या वर्षी मी एवढी वायर ओढली की सरळ रेषेत टाकली असती तर हिंगोलीहून दिल्लीला जाऊन परत येताना कनेरगाव नाक्यावर चहा प्यायला थांबली असती.

त्यात दोन जोडण्या होत्या. एक गावातल्या गजाननची. दुसरी तांड्यावरच्या वैशाली राठोडची. दोघं कॉलेजात बरोबर होते. वैशालीच्याच ओळखीनं गजानन त्या पुण्याच्या कंपनीत लागला होता. काम असं की, विमा काढलेल्या माणसांची दवाखान्याची बिलं तपासायची. कुणाचं अपेंडिक्स खरं, कुणाचं खोटं, हे हजार कोसांवर बसून ओळखायचं. मला तेव्हाच सावध व्हायला पाहिजे होतं. खोटं ओळखण्याचाच पगार खाणारी माणसं ती.

वैशाली पुण्याहून आली तेव्हाची गोष्ट तिचे वडील, हरिभाऊ, मला सांगत होते. मी खांबावर होतो, ते खाली शिडी धरून.

"केबलवाले, लेकरू चिपाड होऊन आलं बगा. चार रोज निस्ती झोपली. उठायची, भाकर खायची, पुन्हा झोपायची. हिची माय म्हने, हिला झालंय तरी काय."

"दवाखान्यात नेलं का?"

"नेलं की वसमतला. डाक्टर म्हने छाती बराबर हाय. काहून धडधड होती मग? तर म्हने, झोप न्हाई म्हनून. पुण्यात म्हने हिला झोपच येत नव्हती. दोन बस बदलायच्या, दीड तास जायला, दीड तास यायला, वर हापिसात ते गार हवेचं भोक बराबर हिच्या डोक्यावर. दोन वर्सं तशीच राहिली, आमाला सांगितलं न्हाई."

तांडा गावापासून बाजूला आहे. तिथपर्यंत वायर न्यायला चौदा खांब लागले. खड्डे हरिभाऊंनी तांड्यावरचे चार गडी घेऊन स्वतः खणले. मला फक्त बोट दाखवायचं काम होतं, आणि ते मला जमतं. कापूस ठेवायची खोली रिकामी करून वैशालीनं तिथं टेबल मांडलं. पहिल्या दिवशी डब्याचा दिवा हिरवा झाला तेव्हा हरिभाऊंनी त्याला हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, यात काही घालू नका, शॉक बसेल. बसत नाही, पण म्हणावं लागतं.

ती पोरगी घड्याळासारखी काम करायची. आणि दुपारी जेवण झालं की वीस मिनिटं कडुनिंबाखाली बाजेवर पडायची. मोबाईलवर गजर लावून. मी एकदा पाहिलं, पडल्याबरोबर झोपली. पाठ टेकायला आणि डोळा लागायला मध्ये काही अंतरच नाही. गजर झाला की उठून तोंडावर पाणी आणि पुन्हा दवाखान्याची बिलं.

गजाननचं उलटं. पोरगा हुशार, पण त्याला घर लाभलं नाही. आमच्याकडे घरात बसलेला माणूस म्हणजे रिकामा माणूस. तो कानाला यंत्र लावून बसला तरी वडील, ज्यांना तो बुवा म्हणतो, बाहेरून म्हणणार, "गज्या, बसूनच हायस तर मोटार चालू करून ये." वहिनी लेकरू मांडीवर ठेवून जाणार. काकाला बँकेत न्यायला तोच, पाहुण्यांना आणायला तोच, गॅसच्या टाकीला तोच. हळद शिजवायच्या दिवसांत तर तो शेतात बॉयलरच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसायचा. ट्रॅक्टरवर चढवलेलं ते वाफेचं धूड, त्याला उंच धुराडं. त्या धुरात बसून हा दवाखान्याची बिलं तपासणार. त्याच्या लॅपटॉपची सगळी बटणं पिवळी झाली होती. मीटिंगमध्ये कुणी विचारलं तर म्हणायचा, मॉडेलच तसं आहे.

एक दिवस तो माझ्या दुकानात आला.

"मामा, उद्या एक दिवस माझा दिवा लाल करा ना. बुवा ऐकत न्हाईत. उद्या हळद काढायची म्हनून बसलेत आन् मला रजा शिल्लक न्हाई."

"दिवा कशाला मारतोस? जीव लावून पेटवलाय. मी पत्र देतो की."

माझ्या दुकानाचं पत्राचं पॅड होतं. वर नाव, खाली शिक्का, कोपऱ्यात छत्रीचं चित्र. त्यावर मी लिहिलं, "वायर तुटल्यामुळे आज सेवा बंद आहे." वाचून पाहिलं. जीवच नाही. मी काही असली पत्रं लिहायला जन्मलेला माणूस नाही. फाडलं आणि दुसरं लिहिलं. वानरांच्या दोन टोळ्यांत वाद झाला असून एका टोळीने वायरचा दोरखंड म्हणून वापर केला, तरी शांतता प्रस्थापित होताच सेवा सुरू होईल. खाली सही, शिक्का.

गजानन चार दिवसांनी आला तो हसतच. "मामा, पत्र माझ्या अख्ख्या टीममध्ये फिरलं. साहेबानं पण वाचलं."

इथं माझा पाय घसरला. तीस वर्षं बिलाच्या पावत्या लिहिणाऱ्या माणसाला वाचक मिळाले, तेही पुण्यात. मग काय? मोर आला, सुगरणीनं घरटं विणायला वायरचं कातडं सोललं, गावातल्या कुस्तीच्या फडात खांब धरून एक पैलवान पडला. सहाव्या पत्रात मी लिहिलं होतं की, मेंढ्यांच्या कळपातील एका एडक्याने शिंगात वायर अडकवून ती तीन खांबांपर्यंत ओढत नेली असून एडक्याचा शोध चालू आहे. हे माझं मला फार आवडलं. बायकोला वाचून दाखवलं. ती पापड लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "तुमी पत्रं लिहायला लागल्यापासून आपल्या गावातली जनावरं लय बिघडली."

वर्षभरात अकरा पत्रं झाली. त्या काळात गजाननची लाईन खरोखर किती वेळा तुटली? एकदा. अर्धा तास.

आणि मग कंपनीचा मेल आला. घरून काम बंद, पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी ऑफिसात. कारण असं दिलं होतं म्हणे की, एकत्र बसल्यानं माणसं एकमेकांच्या जवळ येतात. येतात, मी नाही म्हणत नाही. दोन बसमध्ये तर फारच जवळ येतात. ज्यांना तब्येतीची अडचण आहे त्यांच्यासाठी मात्र एक सवलत ठेवली होती. डॉक्टरचं पत्र आणावं, आणि नेट पुरवणाऱ्याचं पत्र आणावं की घरची लाईन भरवशाची आहे.

वैशाली डॉक्टरचा कागद घेऊन माझ्याकडे आली. "मामा, तुमचं पत्र लागतंय."

मी खुर्ची पुसून बसलो. आयुष्यातलं सगळ्यात खरं पत्र लिहिलं. सव्वा वर्षात या ग्राहकाची लाईन एकदा, फक्त एकदा, चाळीस मिनिटं बंद होती. एक शब्द वाढवला नाही. हात आवरताना तकलीफ झाली, पण आवरला.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. दुकानात दोन ग्राहक होते, ते जाईपर्यंत बाहेर उभी राहिली. मग आत येऊन मोबाईल माझ्या पुढ्यात ठेवला. कंपनीनं सवलत नाकारली होती. सोबत माझ्या अकराच्या अकरा पत्रांचे फोटो जोडले होते, तोच छत्रीचा शिक्का. खाली लिहिलं होतं की, आपल्या पुरवठादाराच्याच म्हणण्यानुसार आपल्या भागातली सेवा वारंवार खंडित होते. वीस दिवसांत पुण्यात हजर व्हावे.

ती रागावली नव्हती. तेच वाईट. हळू आवाजात म्हणाली, "मामा, हा एडका कोन?"

मी समोरचं पत्राचं पॅड उलटं करून ठेवलं.

हरिभाऊ संध्याकाळी आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "केबलवाले, तुमची मस्करी झाली आन् माझ्या लेकराची झोप गेली. मेल आल्यापासून डोळ्याला डोळा न्हाई तिच्या. आमी तुमच्यासाठी खड्डे खणले व्हते." एवढंच बोलून गेले. माझ्या चहाला नाही म्हणणारा पहिला माणूस.

मी गजाननकडे गेलो. वाटेत हिशेब घातला की, खरं सांगावं तर हा पोरगा जाईल. खोटी पत्रं देऊन घरी बसला म्हणून कंपनी त्याला ठेवणार नाही. न सांगावं तर ती जाईल. गजानन शेतात हळदीच्या ढिगाशेजारी बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं हातातली काडी मातीत खोचली.

"मामा, मला तर तो मेल आला तवा आनंद झाला व्हता."

"काहून रे?"

"ऑफिसात एकच साहेब हाय. घरात सात हायेत." मग तो जरा हसला, मग हसायचा थांबला. "मी तिथं आठ तास काम करीन आन् मोकळा. इथं मी दोन वर्सं कुनाचंच काम नीट केलं न्हाई. पत्रं तुमी लिहिली, पन मागितली मी. आन् नोकरी मला कुनी लावली? तिनंच." त्यानं लॅपटॉप उघडला. "तुमी नका सांगू. मीच लिहितो. बुवाला फक्त सांगू नका, न्हाईतर ते म्हनतील बरं झालं, आता बसूनच हायस."

त्यानं मेल केला. तिसऱ्या दिवशी कंपनीच्या एचआर मॅडमचा मला फोन आला. माणसांची व्यवस्था बघणाऱ्या बाई. मराठीत बोलत होत्या, पण मागं एवढा गोंगाट की वसमतच्या बाजारात उभ्या असाव्यात.

"एक मिनिट हं, इथं आवाज फार आहे. मी जिन्यात जाऊन बोलते."

लोकांना ऑफिसात बोलावणाऱ्या बाई बोलण्यासाठी जिन्यात गेल्या.

"तर काका, तुमची अकरा पत्रं खोटी होती?"

"व्हय मॅडम."

"आणि बारावं खरं?"

"व्हय."

"मी हे कशावरून मानू?"

"माझ्यावरून मानूच नका. माझ्या खोलीत एक मशीन हाय. कुनाचा दिवा कवा लाल झाला, कवा हिरवा झाला, त्याच्या पोटात सगळं राहतं. त्याला गोष्टी सांगता येत न्हाईत. ते पाठवतो."

पाठवलं. मॅडमनी दोन दिवस घेतले. गजाननला लेखी ताकीद मिळाली आणि रोज ऑफिसात यायची सक्ती. म्हणजे त्याला जे हवं होतं तेच शिक्षा म्हणून मिळालं. वैशालीला तीन महिने मिळाले. अट अशी की, या तीन महिन्यांत लाईन एका वेळी एक तासाहून जास्त बंद राहिली तर दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी.

आणि ते तीन महिने नेमके कुठले? हळद शिजवायचे.

केबलवाल्याचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे बॉयलरचं धुराडं. ट्रॅक्टर या शेतातून त्या शेतात जातो आणि धुराडं वायरी तोडत जातं. ड्रायव्हर मागं वळून बघत नाही. म्हणून मी काय केलं? लांब बांबूला वर बेचकं बांधलं आणि तांड्याच्या रस्त्यानं बॉयलर निघाला की त्याच्या पुढं वायर उचलत चालायला लागलो. लग्नाच्या वरातीपुढं चोपदार चालावा तसा. लोक रस्त्यात थांबून विचारायचे, मामा, कुनाचं लगीन? रोज सकाळी पहिली फेरी त्या चौदा खांबांची. वानरांना तर मी नावानं ओळखायला लागलो होतो. त्यातलं एक मला बघून वायरीवरून आपणहून उतरायचं आणि खाली उभं राहून वाट द्यायचं.

दहा आठवडे दिवा हिरवा राहिला. वैशाली दिसली की विचारायचो, "झोप?" ती हात हलवून दाखवायची, येती थोडी, जाती थोडी.

अकराव्या आठवड्यात मी घरी जेवायला बसलो होतो, आणि एक बॉयलर न सांगता तांड्याच्या रस्त्यानं गेला. धुराड्यानं वायर तोडली नाही. ओढून सैल केली, एवढंच. दोन खांबांच्या मध्ये ती कमरेएवढी खाली लोंबत राहिली. मी पहिला घास तोंडात घातला आणि फोन वाजला.

"मामा, लाल."

वैशाली होती. मी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा.

मोपेड घेऊन पोचलो तर खांबांखाली मेंढ्यांचा कळप उभा, आणि म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून माझीच वाट बघत होता.

"मामा, तुमची दोरी आमच्या एडक्यानं नेली बगा."

"काय?"

"शिंगात अडकली. बिथरलं आन् पळालं. ते बगा, तितं हाय."

बघितलं. वळलेल्या शिंगांचा थोराड एडका बाभळीखाली उभा होता. शिंगाला काळी वायर गुंडाळलेली, चेहऱ्यावर कसलाही पश्चात्ताप नाही.

"किती खांब ओढत नेली?"

"दोन."

पत्रात मी तीन लिहिले होते. प्रत्यक्षात घडायला लागलं की थोडं कमीच पडतं.

काळं कातडं शाबूत होतं, पण आतली काच ठिकठिकाणी मेली होती. तेवढा तुकडा काढून नवा टाकायचा, म्हणजे दोन जोड. तुकडा ओढून झाला तेव्हा बारा पस्तीस झाले होते. मशीन दगडावर मांडलं. वारा सुटला होता, शेतातली धूळ थेट मशीनच्या तोंडात. म्हाताऱ्यानं काही न बोलता अंगावरची घोंगडी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्याभोवती आडोसा धरला. पहिला जोड बसला. दुसरा बसेना. मशीन म्हणे, पुन्हा करा. पुन्हा केला. पुन्हा तेच. नीट बघितलं तर काचेच्या टोकाला घोंगडीची लव.

"आबा, घोंगडी जरा लांब धरा. तुमच्या मेंढीची लोकर माझ्या नेटात चालली."

"लय नाजूक हाय ओ तुमचं."

सत्तरीच्या जवळचा माणूस मी; डोळ्याला केस दिसत नाही, आणि केसाएवढी काच कापायची. टोक पुन्हा कापलं, पुन्हा पुसलं, श्वास धरला. ठिणगी पडली. मशीननं बरोबरची खूण दाखवली. मी फोन लावला.

"बघ गं."

"हिरवा," ती म्हणाली.

एक वाजून दोन मिनिटं. बावन्न मिनिटं झाली होती.

वैशालीनं स्वतःहून कंपनीला कळवलं. ती तशीच आहे. उलट मेल आला की, कारण पुरवठादाराच्या पत्रावर द्यावे. मी पॅड समोर घेऊन बसलो. चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं, "वायर तुटली. बावन्न मिनिटांत जोडली." सही, शिक्का.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. या वेळी थेट जिन्यातूनच.

"काका, कारण लिहिलं नाहीत."

"लिहिलं तर तुमचा विश्वास बसायचा न्हाई."

"सांगा तरी."

सांगितलं. पलीकडं कुणीतरी जिना चढून गेलं, त्याचे पाय ऐकू आले.

"काका, हे तुमच्या सहाव्या पत्रात होतं."

"व्हय मॅडम. तवा खोटं व्हतं."

"फोटो आहे?"

होता. म्हाताऱ्यानंच आग्रह केला होता, आमच्या जनावराचा एक काढा म्हणून. एडका मध्ये, वायर शिंगात, म्हातारा शेजारी दात दाखवत. पाठवला. मॅडमनी तो उघडून पाहिला. मग म्हणाल्या, "बावन्न मिनिटं तासाच्या आत आहेत. तीन महिने वाढवते. पण काका, हा फोटो मी फाईलला लावू शकत नाही. वर कुणी बघितलं तर मलाच विचारतील."

तेव्हापासून असंच चाललं आहे. तीन महिने संपत आले की मेल, मशीनचा कागद, पुन्हा तीन महिने. कायमचं कुणी काही देत नाही. मुदत जवळ आली की वैशालीची झोप आठवडाभर आधी जाते आणि वाढवून मिळाली की हळूहळू येते. ती अकरा पत्रं कंपनीच्या फाईलीत अजून आहेत. मी मागितली, मिळाली नाहीत. गजानन पुण्यात जाऊन चांगला भरला आहे. सणाला येतो, तिसऱ्या दिवशी बॅग भरायला लागतो. तो सांगतो, ऑफिसात दिवसभर तो कानाला यंत्र लावून बसतो आणि ज्या वैशालीशी बोलतो ती कुरुंद्याच्या तांड्यावर बसलेली असते. पत्राचं पॅड मी बायकोला देऊन टाकलं. चकल्या त्यावर काढते. म्हणते, कागद तेल चांगलं पितो, कामाचा निघाला.

परवा दुपारी नेहमीच्या फेरीला गेलो होतो. माझी मोपेड जुनी आहे. सुरू केली की परभणीत ऐकू जाते. राठोडांच्या घराजवळ आलो तर हरिभाऊ धावत पुढं आले, एक हात वर, दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर. त्या संध्याकाळनंतर ते माझ्याशी फारसं बोललेले नाहीत.

"गाडी बंद करा, केबलवाले. झोपली हाय."

कडुनिंबाखाली बाजेवर पोरगी आडवी होती. मोबाईल उशाशी. तोंडावर ओढणी, ती श्वासानं वरखाली होत होती. मी गाडी बंद केली. हरिभाऊंनी मागून हात लावला आणि आम्ही दोघांनी ती ढकलत पार डांबरी सडकेपर्यंत नेली, आवाज न करता.

वर मी तांड्यापर्यंत चौदा खांब लिहिले आहेत. ते नऊच आहेत. ढकलताना मोजले.